बसल्या जागेवरून चालणारा माऊस

अण्णा,

तुम्हाला जाऊन छत्तीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला एका माऊसविषयी लिहायला बसलोय. खरं लिहायचंय ते रेडिओविषयी. परळच्या खोलीतला आपला रेडिओ तुमच्या काठीने बिघडला नव्हता. एवढंच सांगायचं आहे. पण एवढंच लिहून, खाली सही करून उठावं म्हटलं तर हात पुढे जात नाही, म्हणून माऊसपासून सुरू करतो. तुम्हीही वर्गात कविता एकदम कधी काढली नाहीत. खिडकीबाहेरच्या उन्हाविषयी, कुणाच्या तरी उसवलेल्या दप्तराविषयी बोलत बोलत तुम्ही कवितेत कधी शिरलात ते आम्हा पोरांना कळायचंच नाही. मलाही अवघड गोष्ट तशीच सांगता येते. फरक इतकाच की तुम्ही कवितेत नक्की शिरायचात.

आम्ही आता भाईंदरला राहतो, गोडदेवला. तुमच्या वेळी इथे येण्याचं कुणाला काही कारण नव्हतं. आम्ही आलो तेव्हा गॅलरीतून मिठागरं दिसायची. उन्हात पांढरे ढीग लखलखायचे आणि मी ऑफिसातून आल्यावर त्यांच्याकडे बघत तुमच्या चालीत एखादं कडवं गुणगुणायचो. आता समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांच्या चादरी दिसतात. खाडीचा वारा मात्र अजून येतो, चादरींतून वाट काढत. दोन वर्षांपूर्वी मी बाथरूममध्ये पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून हॉलमधल्या आरामखुर्चीत पाय लांब करूनच बसावं लागतं. काठी घेऊन चार पावलं चालतो, पण टेबलाशी खुर्ची ओढून ताठ बसणं संपलं. तुमची सून तीन वर्षांपूर्वी गेली. घरात मी, तुमचा नातू आणि नातसून. तुम्ही गेलात तेव्हा सहा वर्षांचा होता तो. आता त्याचे केस माझ्याहून जास्त पांढरे आहेत.

नातसून फार गुणी आहे. तुमची कवितांची वही तिला माळ्यावर सापडली. ती काळ्या पुठ्ठ्याची, अक्षरांवर लाल शाईने लघुगुरूच्या खुणा केलेली. पानांचे कोपरे हात लावला की गळत होते. तिने महिनाभर खपून एकेक पान स्कॅन केलं, म्हणजे त्याचा फोटो काढून संगणकात घातला, आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर मला दाखवला. अण्णा, तुमचा 'ळ' माझ्या पंजाएवढा होऊन समोर आला. माझ्या डोळ्यांना आता छापील पुस्तक सोसत नाही, पण हे आठ फुटांवरून स्वच्छ दिसत होतं. त्या दुपारी मी अकरा पानं वाचली आणि अकरा वेळा तिला हाक मारली.

कारण पान उलटायचं तर पडद्यावरचा बाण हलवावा लागतो, आणि तो हलवायला टेबलावर एक मूठभर वस्तू सरकवावी लागते. तोच माऊस. टेबल तिकडे, मी इकडे. नातसून आतल्या खोलीत शिकवण्या घेते. तिथून ती हात पुसत यायची, पान उलटायची, परत जायची. चार दिवसांनी मी "अगं, जरा" म्हणायच्या आत शिकवणीच्या मुली एका सुरात ओरडायला लागल्या, "टीचर, पान!" मला हसू आलं. मग ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू गेलं. ती रागावली नव्हती. एक मोठा श्वास घेऊन आली होती, इतकंच. तो श्वास मला ओळखीचा होता. मीही तसा श्वास घेऊन कुणाच्या तरी खाटेपाशी जात असे.

आधी घरगुती इलाज केले. परीक्षेला नेतात तो पुठ्ठ्याचा पॅड मांडीवर ठेवला आणि त्यावर बिनवायरचा माऊस. पॅड उतरता, मांडी त्याहून उतरती. माऊस घसरून सोफ्याखाली गेला. नातसुनेने पोटावर पडून केरसुणीने तो बाहेर ओढला आणि म्हणाली, "बाबा, हा तुमच्यापेक्षा जास्त फिरतो घरात." रात्री जेवताना तुमच्या नातवाने विषय काढला. "बाबा, हातात धरायचा माऊस मिळतो आता. टेबल नको, पॅड नको. बसल्या जागेवरून सगळं." मी म्हटलं, "कशाला उगाच? मी कमी वाचीन." तो म्हणाला, "कमी कशाला वाचाल? शनिवारी जाऊ."

शनिवारी रिक्षाने मीरा रोडला गेलो. पूनम सागरच्या बाजूला एक दुकान आहे, दुकान कसलं, दोन कपाटांमधली फट, पण त्या माणसाकडे नाही असं काही नाही. गुजराती गृहस्थ, पोट काउंटरवर टेकवून उभे. त्यांनी मला स्टूल दिलं आणि दोन खोकी समोर ठेवली. पहिला माऊस हवेत हलवायचा होता. मनगट वळवलं की समोरच्या पडद्यावर बाण वळतो. "काका, ये हवा में चलता है. एकदम नया आयटम." दुसरा दिसायला ओबडधोबड. छत्रीच्या मुठीसारखी मूठ, वर सुपारीएवढा गोळा. गोळा अंगठ्याने फिरवला की बाण फिरतो आणि मुठीच्या पोटात तर्जनीखाली एक खटका, तो दाबला की पान उलटतं.

मला पहिलाच आवडला. हवेत नुसता हात फिरवायचा आणि समोर कविता उलगडायची, या कल्पनेनेच मी हरखलो. तुमचाच मुलगा, दुसरं काय. हातात घेतला. आणि पडद्यावरचा बाण थरथरायला लागला, काचेवर आपटणाऱ्या माशीसारखा. माझा हात इतका कापतो हे मला माहीत नव्हतं, अण्णा. चहाच्या कपात ते दिसत नाही. कप अर्धाच भरून देतात मला, ते का, ते तिथे स्टुलावर बसून कळलं. दुकानदार म्हणाला, "थोडा ढीला पकडो, काका." मी सैल धरला. बाण पडद्याबाहेर गेला. तुमच्या नातवाने घेतला तर बाण सुतासारखा सरळ. "छान आहे हा," मी म्हटलं, "हाच घेऊ. सवय होईल." दुकानदाराने दुसरं खोकं माझ्याकडे सरकवलं. "ये लो ना. पेशंट लोग भी यही ले जाते हैं." मग तर मी हट्टालाच पेटलो. "मी पेशंट नाहीये," असं मराठीत, मोठ्याने म्हणालो. शेजारच्या काउंटरवरची बाई वळून बघायला लागली.

तुमचा नातू माझ्या शेजारी उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, वापरणार कोण? तुमचा हात काय म्हणतोय ते बघा. तोच ठरवेल." आणि ती मूठ त्याने माझ्या तळहातावर ठेवली. अंगठ्याने गोळा फिरवला. हात कापत होता, पण बाण कापत नव्हता. हळूहळू, जिथे हवा तिथे जाऊन थांबला. दुकानदार म्हणाला, "दोनो हाथ में चलता है, देखो." मी मूठ डाव्या हातात घेतली. डावा अंगठा अडाण्यासारखा अडखळला, मग वळला. बाण गेला. पान उलटलं. मी डावा हात बघत बसलो.

आणि तेवढ्यात तुमचा नातू दुकानदाराला हसत सांगायला लागला, "हमारे दादाजी का रिमोट मालूम है? लकडी! खटिया पे लेटे लेटे लकडी से रेडिओ चालू करते थे. एक दिन ऐसा ठोका, कि रेडिओ ही खलास." दुकानदाराचं पोट काउंटरवर हललं. "तो काका, आप ये संभाल के दबाना!" सगळे हसले. अण्णा, मीही हसलो.

ही गोष्ट आपल्या घरात छत्तीस वर्षं चालू आहे. लग्नात, बारशात, कुणी पाहुणे आले की, निघतेच. काठीने रेडिओ फोडणारे आजोबा. मीच ती पहिल्यांदा सांगितली होती.

तुमची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि तुमची खाट बाहेरच्या खोलीत आली. खोल्याच दोन. फळीवर तो मोठा रेडिओ, पांढऱ्या दातांसारखी बटणं आणि चालू केल्यावर हळूच उघडणारा हिरवा डोळा. तुम्ही डाव्या हाताने खाटेच्या कडेवर एक थाप मारलीत की रेडिओ लावायचा, दोन मारल्यात की बंद. आम्ही उठून उठून थकायचो. मग एके दिवशी तुम्ही खुणेने तुमची शाळेतली काठी मागितलीत, नकाशावर नद्या दाखवायची ती. तिच्या टोकाला सुनेकडून औषधाच्या ड्रॉपरचं रबर बसवून घेतलंत. डाव्या हाताने, पडल्या पडल्या, ते टोक बटणापर्यंत न्यायला तुम्हाला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी बटण दबलं आणि हिरवा डोळा उघडला. तुमच्या सुनेने टाळ्या वाजवल्या. तुमच्या तोंडाची एकच बाजू हसली. त्यानंतर मी घरात शिरायचो तेव्हा रेडिओ चालू असायचा आणि तुम्ही खाटेच्या कडेवर बोटांनी वृत्त वाजवत असायचात. भुजंगप्रयात मी जिन्यातूनच ओळखायचो. कधी कधी मी दारात उभा राहून कविता ओळखायचो आणि तुम्ही डोळे मिटून मान हलवायचात. शब्द गेले होते, चाल राहिली होती.

मग माझी खात्याची परीक्षा आली. मी दोनदा नापास झालो होतो. माझ्या मागून लागलेले पुढे गेले होते. संध्याकाळी येऊन मी आतल्या खोलीत नियमांचं पुस्तक उघडायचो आणि पडद्याच्या पलीकडे तुमचा रेडिओ आणि तुमची बोटं. मला तुम्हाला 'थोडा वेळ बंद ठेवता का?' असं विचारता आलं असतं. तुम्ही ठेवला असता. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांच्या परीक्षांसाठी तुम्ही घसा फोडलात, माझ्यासाठी एक बटण दाबलं नसतंत? पण मला विचारायची लाज वाटली. आजारी बापाच्या कानावरचं एकुलतं एक सुख काढून घेणारा मुलगा म्हणून मला दिसायचं नव्हतं. म्हणून मी दिसणार नाही असं केलं. एका रविवारी दुपारी, तुम्ही जेवून झोपलेले असताना, मी भिंतीवरून प्लग काढला, त्याचे स्क्रू सोडवले, एक वायर मोकळी केली आणि प्लग पुन्हा बंद करून होता तसा लावून ठेवला. पाच मिनिटांचं काम.

तुम्ही उठलात. काठी उचललीत. बटण दबलं, डोळा उघडला नाही. पुन्हा दाबलंत. मी आत पुस्तकात तोंड घालून मोजत होतो, सात वेळा. मग जोरात. सून धावत आली, "काय झालं हो याला?" आणि मी बाहेर येऊन, बटणं वरखाली करून, म्हणालो, "काठी जोरात लागली असणार. गेला वाटतं आतून." ते वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. आपोआप आलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काठी खाटेवर ठेवलीत आणि डाव्या हाताने स्वतःचा डावा कान धरलात.

चाळीस वर्षं तुमच्या वर्गात चूक झाली की पोराने कान धरून उभं राहायचं, ही तुमची पद्धत. मारणं तुम्हाला आवडायचं नाही. मीही धरलाय, चौथीत, तुम्हाला वर्गात 'गुरुजी'ऐवजी 'अण्णा' म्हणालो तेव्हा. तो कान तुम्ही माझ्यासमोर धरलात आणि मी म्हणालो, "असू दे, असू दे. दुरुस्त करून आणू सवडीने." त्यानंतर रोज, मी ऑफिसातून आलो की, तुम्ही फळीकडे बघायचात आणि कान धरायचात. काठी तुम्ही पुन्हा मागितली नाहीत. खाटेच्या कडेवरची बोटंही थांबली. मी स्वतःला सांगत होतो, शेवटचा पेपर झाला की वायर जोडू, 'दुरुस्त केला' म्हणू, पेढे आणू. चार महिने मी हे सांगत राहिलो. परीक्षेला नऊ दिवस उरले होते तेव्हा तुम्ही सकाळी उठला नाहीत. मुंडण केलेल्या डोक्याने, सुतकात, मी पेपर लिहिले आणि पास झालो. सगळे म्हणाले, वडिलांचा आशीर्वाद. त्या बढतीवरच पुढे ही भाईंदरची जागा झाली. पुढे एकदा घरात कुणी नसताना मी वायर जोडली. हिरवा डोळा उघडला, तसाच सावकाश. सुनेला तुमच्या सांगितलं, दुरुस्त करून आणला. ती म्हणाली, "अण्णा असताना आणायला हवा होता." तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर त्या शनिवारी आम्ही सुपारीवाला माऊस घेऊन रिक्षात बसलो. खोकं माझ्या मांडीवर. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तुमचा नातू एकदम म्हणाला, "बाबा, आजोबा कान धरून मला हसवायचे ना? मला तेवढंच आठवतं त्यांचं."

मी म्हटलं, "तुला हसवायला?"

"हो. तुम्ही ऑफिसातून आलात की धरायचे. मी हसायचो. पण ते तुमच्याकडे बघायचे, तुम्ही हसताय का. तुम्ही कधी हसला नाहीत. दमून यायचात ना."

रिक्षा सुटली आणि तो पुढे बघायला लागला म्हणून बरं, नाहीतर त्याला माझा चेहरा दिसला असता.

आता दहा दिवस झाले. नातसुनेच्या शिकवणीत कुणी "पान!" म्हणून ओरडत नाही. मुलींना जरा चुकल्यासारखं होतं, असं ती म्हणते. मी खुर्चीत पाय लांब करून बसतो, मूठ हातात घेतो, कधी उजव्या, कधी मुद्दाम डाव्या. बाण तुमच्या अक्षरांखालून नेतो, लघु, गुरु, लघु. थांबावंसं वाटलं की थांबतो. मागचं पान पुन्हा बघावंसं वाटलं की बघतो. कुणाला सांगावं लागत नाही, कुणी मोठा श्वास घेत नाही. किती साधी गोष्ट आहे ही, आणि किती मोठी, हे कळायला मला तुमच्या वयाचं व्हावं लागलं. तुम्ही ते तीन दिवसांत, एका काठीवर आणि रबराच्या तुकड्यावर, स्वतःचं स्वतः मिळवलं होतंत. मला तर दुकानातून आणून दिलं. आणि ज्याने आणून दिलं त्याने आधी माझ्या हाताला विचारलं. हे त्याला कुणी शिकवलं असेल, अण्णा? माझ्याकडून तर नाही. वही वाचता वाचता एखादं कडवं तोंडून निघतं, बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरतात, आणि मग मीच ती आवरतो. तो ठेका धरायचा हक्क आपल्याला नाही, असं काहीतरी वाटतं.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मनात होतं, पूर्ण झालं की तुमच्या नातवाच्या टेबलावर ठेवावं. तुम्हाला पोचायला दुसरा पत्ता नाही. तुमची गोष्ट जगात आता त्याच्याच तोंडी आहे, ती त्यानेच बदलायला हवी. पुढच्या लग्नात तो पुन्हा ती सांगेल, लोक पुन्हा हसतील, आणि तुम्ही पुन्हा रेडिओ फोडाल. पण आत्ताच मला माहीत आहे की हे कागद वहीच्या पुठ्ठ्यात जाणार, जिथे आता कुणी हात घालत नाही, कारण पानं सगळी पडद्यावर आहेत.

काल संध्याकाळी चहा घेताना मी धीर केला. नातसून आत होती, तो समोर. मी म्हटलं, "तुझ्या आजोबांच्या काठीने रेडिओ बिघडला नव्हता हं."

त्याने कप खाली ठेवला. "मग?"

"प्लगमधली वायर निघाली होती. नंतर कळलं मला."

"म्हणजे त्यांनी काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

त्याने भिंतीवरच्या प्लगकडे बघितलं. मग म्हणाला, "पण आपोआप कशी निघाली वायर?"

मी म्हणालो, जुने प्लग तसलेच असायचे.